‘घरीच असते’

इस्तंबूलच्या एका कष्टकरी वस्तीतली दुपार डोळ्यांपुढे आणा. रातोरात उभ्या राहिलेल्या घरांच्या अशा वस्त्यांना तिकडे ‘गेजेकोंदू’ म्हणतात. चार शेजारणी चहा घेऊन बसल्या आहेत. मांडीवर लोकरीचा गुंडा, हातात बाजारात जाणाऱ्या स्वेटरची बाही. पाहुणी विचारते, ‘‘तुम्ही काम करता का?’’ सुया न थांबवता उत्तर येतं, ‘‘छे, आम्ही घरीच असतो.’’

मानववंशशास्त्रज्ञ जेनी व्हाइट यांनी १९८०च्या दशकात इस्तंबूलच्या अशा कुटुंबांमध्ये वावरून तिथल्या बायकांचे श्रम समजून घेतले. ‘मनी मेक्स अस रिलेटिव्ज’ हे त्यांचं पुस्तक १९९४ साली आलं. विणकाम, शिवणकाम करणाऱ्या या बायकांना नगावर पैसे मिळत, तरी त्याला त्या ‘काम’ म्हणत नसत. त्यांच्या लेखी काम म्हणजे उंबरा ओलांडून परक्यांत जाऊन केलेली नोकरी. घरात हात चालता ठेवणं हे चांगल्या सुनेचं, चांगल्या आईचं लक्षण. माल देणारा पुष्कळदा नात्यातला किंवा शेजारचा. आज मी तुझ्या अडीनडीला, उद्या तू माझ्या. अशा माणसाशी मजुरीची घासाघीस कोण करणार? ज्या नात्याचा आधार, त्याच नात्यापायी मजुरी कमी.

दुरून बघणाऱ्याला वाटतं, मुस्लिम समाज, म्हणून असं. पण विड्या वळणारी, पापड लाटणारी, गोधड्या शिवणारी आपल्याकडची बाई तरी वेगळं काय सांगते? ‘‘मी काही करत नाही, घरीच असते.’’ धर्म वेगळा, देश वेगळा, उत्तर तेच. म्हणून सगळा दोष धर्माच्या माथी मारण्याआधी घरातली नाती आणि देण्याघेण्याचे हिशोब बघायला हवेत.

आणि त्या बाईच्या ‘नाही’ला अडाणीपणा समजू नये. त्या ‘नाही’त तिचा मान आहे. मी कुणाची चाकर नाही, माझ्या माणसांसाठी राबते, असं ती सांगत असते. तो मान जपूनच तिच्या श्रमाचं मोल करायचं आहे, आणि अवघड आहे ते हेच.

अभ्यास करणाऱ्याला यातून एक धडा मिळतो. ‘काम करता का?’ असं विचारलं की एका शब्दात दार बंद होतं. ‘काल उठल्यापासून काय काय केलंत?’ असं विचारलं की दिवस उलगडत जातो. पाणी, स्वयंपाक, सासूचं औषध, मुलांची शाळा, आणि या सगळ्याच्या फटींत बसवलेली ती स्वेटरची बाही.

हा प्रश्न विचारायला इस्तंबूलला जायला नको. आज सकाळी चहाचा कप हातात देणाऱ्या बाईला तो विचारून पाहा. आणि तिचं सांगून होईपर्यंत जागचे उठू नका.