माणूस तारण ठेवता येतो का?



‘आधी बिल भरा, मग पेशंट न्या’ हे वाक्य आपल्यातील काहींनी कोल्हापुरात ऐकले असेल. बिल द्यायला हवेच. डॉक्टर-नर्सनाही घरसंसार आहे. प्रश्न वेगळा आहे. देणे थकले म्हणून माणूस अडकवून ठेवता येतो का? राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या २०१८ च्या रुग्ण हक्क सनदेचे उत्तर ‘नाही’ असे आहे. मृतदेहही बिलासाठी अडवता येत नाही. महाराष्ट्र सरकारने जानेवारी २०२१ मध्ये शुश्रूषागृहांचे नियम बदलले आणि हक्कांची सनद व दरपत्रक दर्शनी भागात लावणे सक्तीचे केले.

हा विचार नवा नाही. गरिबाचे गहाण घेतलेले पांघरूण सूर्यास्तापूर्वी परत करा, असे निर्गमच्या पुस्तकात सांगितले आहे. तिथे कर्ज माफ होत नाही, सावकाराचा हक्कही बुडत नाही. फक्त थंडीत उघडे पडणारे शरीर त्या व्यवहारात ओढायचे नाही. कांट या तत्त्वज्ञानेही (वाचायला भलताच अवघड!) १७८५ साली किंमत आणि प्रतिष्ठा यांत असाच फरक केला.

पण रात्री काऊंटरपुढे एकटीच रडत उभी असलेली बाई सनद कधी वाचणार? आजाऱ्याच्या भेटीला जाताना आपण फळे नेतो. या वेळी भिंतीवरचे दरपत्रकही वाचून येऊ, आणि तपशीलवार बिल मागताना तिच्याशेजारी उभे राहू.