हक्क शाळेचा आणि हक्क मुलाचा

दरवर्षी शिक्षणहक्क कायद्याने खासगी शाळांत गरीब मुलांसाठी ठेवलेल्या पंचवीस टक्के राखीव प्रवेशांचे अर्ज सुरू झाले की मुंबईतल्या कांजूरमार्ग स्टेशनच्या आसपासच्या सायबर कॅफेंत आईवडिलांची गर्दी होते. हातातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत मुलाचा जन्मदाखला, नोंदणी केलेला भाडेकरार आणि कुर्ला तहसीलमधून आणलेला, लाखाच्या आतल्या उत्पन्नाचा दाखला. कॅफेवाला नकाशावर घराचा ठिपका रोवतो आणि पडद्यावर जवळच्या शाळांची यादी उघडते. त्यातल्या जास्तीत जास्त दहा निवडायच्या आणि सोडतीची वाट पाहायची. एखादी मुस्लिम किंवा ख्रिस्ती आई त्या यादीत आपल्याच समाजाच्या संस्थेची शाळा शोधत असते. ती सापडत नाही. नाव चुकून राहिलेलं नसतं. अल्पसंख्याक संस्थेच्या शाळेला हा कायदा लागूच होत नाही.

गरीब अल्पसंख्याक मुलाचं काय चाललं आहे हे समजून घ्यायचं तर एक फरक नीट ध्यानात घ्यावा लागेल. अल्पसंख्याक संस्थेचा हक्क वेगळा आणि अल्पसंख्याक मुलाचा हक्क वेगळा. आपण बोलताना दोन्ही एकच धरतो, आणि त्यात मूल हरवतं.

संस्थेचा हक्क राज्यघटनेच्या कलम 30 मध्ये आहे: धर्माने किंवा भाषेने अल्पसंख्य असलेल्यांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढता आणि चालवता येतात. तो क्षुल्लक हक्क नाही आणि तो काढून घ्या असं मी म्हणत नाही. संख्येने कमी असलेल्या समाजाला आपली भाषा, आपली श्रद्धा पुढच्या पिढीला देता यावी, सरकार बदललं म्हणून शाळेला टाळं लागू नये, यासाठी तो आहे. आपल्याच राज्यात त्याची गरज लवकर पटली. 1954 साली मुंबई सरकारने परिपत्रक काढून इंग्रजी शाळांचे दरवाजे अँग्लो-इंडियन आणि आशियाई वंशाबाहेरच्या नागरिकांच्या मुलांपुरतेच उघडे ठेवले. देवळालीच्या बार्न्स शाळेची संस्था आणि काही पालक त्याविरुद्ध न्यायालयात गेले. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने परिपत्रक रद्द ठरवलं. त्या खटल्यात शाळा आणि मूल एकाच बाजूला उभे होते. शाळेला मूल हवं होतं, मुलाला शाळा हवी होती, आडवं येत होतं सरकार.

मुलाचा हक्क घटनेत फार उशिरा आला. 2002 च्या घटनादुरुस्तीने कलम 21अ आलं, 2009 साली शिक्षणहक्क कायदा झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून तो अमलात आला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीचं शिक्षण. यात ‘प्रत्येक’ म्हणजे प्रत्येक, धर्माची अट नाही.

मग 6 मे 2014 रोजी प्रमती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या खंडपीठाने ठरवलं की अल्पसंख्याक शाळांना, अनुदानित असोत वा विनाअनुदानित, हा कायदा लागू करणं घटनेत बसत नाही. वाद मुख्यतः राखीव जागांचा होता, पण त्यांच्याबरोबर सगळा कायदाच बाजूला झाला. प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची परीक्षा घेऊ नये, देणगी मागू नये, वयाचा पुरावा नाही म्हणून मूल परत पाठवू नये, मारू नये: ही सगळी कलमं त्याच कायद्यातली. याचा अर्थ सावकाश लावून पाहा. कांजूरमार्गच्या एका मुस्लिम रिक्षावाल्याचं मूल इतर खासगी शाळेत गेलं तर त्याच्या पाठीशी हा कायदा आहे. तेच मूल आपल्या समाजाच्या शाळेत गेलं तर त्याला या कायद्याचा आधार नाही. अल्पसंख्याकांच्या संरक्षणासाठी दिलेली सवलत अल्पसंख्याक मुलाचंच संरक्षण काढून घेते.

या सवलतीचा फायदा कोणाला होतो, याचं उत्तर राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या 2021 च्या अहवालात सापडतं. देशभरातल्या अल्पसंख्याक शाळांत 62.50 टक्के विद्यार्थी अल्पसंख्याक नसलेल्या समाजांतले होते आणि सामाजिक-आर्थिकदृष्ट्या वंचित विद्यार्थी जेमतेम 8.76 टक्के. इतर समाजांतली मुलं त्या शाळांत शिकतात याचा मला आनंदच आहे. पण फी भरू शकणाऱ्या परक्या मुलाला जागा असेल आणि फी न भरू शकणाऱ्या आपल्या मुलाला नसेल, तर संस्कृती जपण्याचा युक्तिवाद तिथे टिकत नाही. आणि अशा मुलांची संख्या लहान नाही: मुस्लिम समाजाच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या सच्चर समितीने 2006 मध्ये नोंदवलं होतं की सहा ते चौदा वयोगटातली 25 टक्के मुस्लिम मुलं एकतर शाळेत कधी गेलीच नाहीत किंवा मध्येच गळली.

प्रमती निकालाने बंद केलेलं दार पुन्हा ठोठावलं गेलं ते महाराष्ट्रातूनच. अंजुमन इशात-ए-तालीम ट्रस्ट विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा खटला खरं तर शिक्षकांच्या पात्रता परीक्षेचा. पण 1 सप्टेंबर 2025 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाचे न्या. दीपांकर दत्ता आणि न्या. मनमोहन यांनी प्रमती निकालाबद्दलच शंका घेतली आणि मोठ्या खंडपीठाने फेरविचार करावा म्हणून तो प्रश्न सरन्यायाधीशांसमोर ठेवायला सांगितलं.

माझ्या मते तोडगा कठीण नाही. पंचवीस टक्के जागा ठेवल्याने शाळेचं अल्पसंख्याक रूप पुसेल ही भीती असेल, तर त्या जागा त्याच समाजातल्या गरीब मुलांना द्या. मुस्लिम संस्थेत मुस्लिम मजुराचं मूल, ख्रिस्ती संस्थेत धुणीभांडी करणाऱ्या ख्रिस्ती बाईचं मूल. यात कलम 30 चा कुठला भाग दुखावतो?

सरकारलाही मोकळं सोडता येणार नाही. 9 फेब्रुवारी 2024 च्या अधिसूचनेने राज्याने सरकारी किंवा अनुदानित शाळेच्या एक किलोमीटरच्या आतल्या खासगी शाळांना राखीव जागांतून सूट दिली होती. महापालिकेच्या शाळा जवळजवळ असलेल्या या शहरात त्या नियमाने फारशा खासगी शाळा उरल्याच नसत्या. 19 जुलै 2024 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती सूट रद्द केली म्हणून यादी वाचली.

मोठं खंडपीठ बसेल तेव्हा बसेल. पण गरीब मुलाला जागा द्यायला कोणत्याही कायद्याने विश्वस्तांना मनाई केलेली नाही. भांडुप, विक्रोळी, कांजूरमार्गच्या अल्पसंख्याक संस्थांच्या विश्वस्तांना माझी विनंती आहे: येत्या जूनपासून पहिलीच्या वर्गात आपल्याच वस्तीतल्या गरीब मुलांसाठी चौथा हिस्सा जागा ठेवा, त्यांची फी माफ करा, आणि त्यांच्या प्रवेशाआधी आईवडिलांची मुलाखत घेऊ नका.