चाकातील घरघर

वाचन : स्तोत्र 139, ओव्या 23 व 24



मंडळ्यांच्या भेटीस मी ज्या जुन्या जीपमधून जातो, तिच्या पुढच्या चाकातून कित्येक दिवस घरघर ऐकू येत असे. वेग वाढला की ती वाढे. डावीकडे वळताना अधिकच होई. आम्ही रस्त्याला दोष दिला आणि गीते मोठ्याने गाऊ लागलो.

डावीकडे वळताना भार उजव्या चाकावर येतो, म्हणून मिस्त्रीने उजवे चाक जॅकवर उचलले. हाताने फिरविले, तो खरखर लागली; वरखाली धरून हलविले, तो खेळ आढळला. “नवे ग्रीस भरा म्हणजे झाले,” मी म्हणालो. त्याने जुने ग्रीस पुसून बेअरिंग माझ्या हाती दिले. रोलरांवर खड्डे पडले होते. “पाळकसाहेब, ग्रीस झीज टाळते, पडलेला खड्डा भरीत नाही. असेच चालविले तर एखादे दिवशी चाक निखळेल.” मग हबमधील कडीसुद्धा काढून त्याने सर्व नवे बसविले व नट बेताने कसला, फार आवळला तर बेअरिंग तापून जळते, सैल राहिला तर चाक डगमगते.

मी लज्जित झालो. एका सहकारी बंधूविषयीच्या रागावर मी वर्षभर गोड शब्दांचे ग्रीसच लावीत होतो. त्याच संध्याकाळी त्याच्या दारी जाऊन मी क्षमा मागितली.

प्रियांनो, तुमच्या मंडळीत अशी घरघर आहे काय? ती गीतांत बुडवू नका. दाविदाप्रमाणे आपले अंतःकरण प्रभूला पारखू द्या. जे झिजले ते तो काढो, आणि आपणांस नवे करो. आमेन.