खात्रीचा मासा

फिलिपिन्समधल्या सेबू बेटाच्या दक्षिण भागात ओस्लोब नावाची एक छोटी किनारी नगरपालिका आहे. नगरपालिका म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर शहर येतं. इथे मात्र लहान लहान वस्त्या मिळून पालिका होते आणि अशा प्रत्येक वस्तीला बरांगाय म्हणतात. ओस्लोबला समुद्रासमोर पोवळ्याच्या दगडात बांधलेलं स्पॅनिश काळातलं चर्च आहे. जवळच स्पॅनिश राजवट संपल्यामुळे अर्धवट राहिलेली सैनिकांची बराक आहे. पण जगभरातून लोक येतात ते हे बघायला नाही, तर तान-आवान नावाच्या एका बरांगायसाठी.

तान-आवानचे कोळी रोज सकाळी वल्हवायच्या लहान होड्या घेऊन किनाऱ्यापासून थोडं आत जातात आणि मूठ मूठ उयाप पाण्यात सोडतात. उयाप म्हणजे आपल्या जवळ्याच्याच कुळातला बारीक जीव. तो खायला व्हेल शार्क येतात. जगातला सगळ्यात मोठा मासा, पण दातांनी शिकार न करता पाणी गाळून खाणारा. इथे येणारे बहुतेक मासे वयात न आलेले नर असतात, पाच-सहा मीटर लांबीचे. तोंड वासून ते होडीच्या मागे मागे फिरतात. लाइफ जॅकेट घातलेले पर्यटक अर्धा तास त्यांच्या शेजारी पाण्यात तरंगतात. हात लावायचा नाही, सनस्क्रीन लावायचं नाही, एवढे नियम. फोटो हमखास मिळतो. दुपारपर्यंत सगळं आटोपतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सुरू होतं.

हे कुणी बैठक घेऊन ठरवलेलं नव्हतं. कोळी उयाप वापरून मासेमारी करायचे आणि त्या वासाने व्हेल शार्क मध्ये यायचे. त्यांना बाजूला न्यायला कोळी थोडा उयाप टाकत टाकत होडी दुसरीकडे वळवायचे. ते बघायला लोक पैसे देतात हे लक्षात आलं आणि २०११ च्या सुमाराला त्याचा धंदा झाला. पुढे कोळ्यांची संघटना झाली. तिकिटाच्या पैशांची वाटणी ठरली: ६० टक्के संघटनेला, ३० टक्के पालिकेला, १० टक्के बरांगायला. पर्यटनात स्थानिकांच्या हातात इतका मोठा वाटा राहिल्याची उदाहरणं फार नाहीत.

मग हे बरोबर आहे की चूक?

चूक म्हणणाऱ्यांकडे पुरावा आहे आणि तो कसा गोळा झाला हे मला, सॉफ्टवेअरवाल्याला, फार आवडतं. प्रत्येक व्हेल शार्कच्या अंगावरच्या ठिपक्यांची नक्षी वेगळी असते, आपल्या बोटांच्या ठशांसारखी. १९८६ साली एडवर्ड ग्रोथ या खगोलशास्त्रज्ञाने ताऱ्यांच्या दोन याद्या एकमेकींशी जुळवायची एक पद्धत मांडली होती. तीन तीन ताऱ्यांचे त्रिकोण करायचे आणि सारखे त्रिकोण शोधायचे. २००५ मध्ये हीच पद्धत ठिपक्यांना लावून मासे ओळखायला सुरुवात झाली. त्यामुळे कुठला मासा कधी आला, किती दिवस राहिला, पुन्हा कुठे दिसला हे कळू लागलं. ओस्लोबला संशोधकांनी अशी नोंद ठेवली. ज्या माशांना खायला मिळतं ते इतरांपेक्षा जास्त दिवस तिथेच राहतात, असं दिसलं. बहुतेकांच्या अंगावर खरचटल्याचे, कापल्याचे व्रण होते. तान-आवानच्या होड्या वल्ह्यांच्या आहेत, पण मासा तिथे जे शिकतो ते घेऊन तो बाकीच्या समुद्रात फिरतो. होडी म्हणजे अन्न, हा धडा जिथे बोटीला पंखा असतो तिथे महाग पडू शकतो. २०१६ पासून व्हेल शार्क संकटग्रस्त प्रजातींच्या जागतिक यादीत आहे.

बरोबर म्हणणाऱ्यांची बाजूही हलकी नाही. याच समुद्रात, जवळच्या बोहोल प्रांतातल्या पामिलाकान बेटावरचे लोक एके काळी व्हेल शार्कची शिकार करत. मांस बाहेरच्या देशांत जाई. १९९८ मध्ये फिलिपिन्सने या शिकारीवर बंदी घातली. बंदी कागदावर घालणं सोपं असतं. ती टिकते ती किनाऱ्यावरच्या माणसाला जिवंत मासा मेलेल्या माशाहून जास्त मोलाचा वाटला तर. तान-आवानमध्ये तो वाटतो. शिवाय मुलांच्या शाळेची फी भरणाऱ्या कोळ्याला, विमानाने येऊन विमानाने जाणाऱ्या माणसाने नीतीचे धडे द्यावेत हे कुठल्याही कोनातून शोभत नाही.

या वादात एक वाक्य हमखास येतं: मासा स्वतःहून येतो, त्याला कुणी बांधलेलं नाही. वाक्य खरं आहे, पण त्यातून फार काही सिद्ध होत नाही. रात्री दोन वाजता मीही फोनकडे स्वतःहून जातो. कुणी बांधलेलं नसणं आणि मोकळं असणं यात अंतर आहे, हे आपल्या पिढीला वेगळं समजावून सांगायला नको. आपल्या सवयीचा अंदाज घेऊन कुणी रोज ठरलेल्या वेळी समोर काहीतरी ठेवत असेल, तर आपल्या येण्याला संमती म्हणायचं का, हा प्रश्न उरतोच. माशाला तर तो विचारताही येत नाही.

पण मला वाटतं, कोळी आणि मासा या दोघांकडेच बघत राहिलो तर खरा प्रश्न निसटतो. तो दिसायला दुसऱ्या एका गावाकडे बघावं लागतं.

लुझोन बेटाच्या दक्षिणेला सोर्सोगोन प्रांतात दोन्सोल नावाची अशीच एक छोटी किनारी नगरपालिका आहे. तिथेही व्हेल शार्क येतात आणि तिथेही त्यावर गाव चालतं. शिकारबंदीच्या वर्षापासून, म्हणजे १९९८ पासून. फरक एवढाच की दोन्सोलमध्ये माशाला खायला घालत नाहीत. होडीवर उंच चढून एक जण पाण्यातली सावली शोधतो. सावली दिसली की गाइड सांगतो तेव्हा उडी मारायची. एका माशापाशी एकच होडी, एका होडीत जास्तीत जास्त सहा पोहणारे. मासा निघून गेला तर गेला. हंगामातही तो दिसेलच असं नाही. मधली काही वर्षं दोन्सोलला मासे फारच कमी दिसले आणि पर्यटकही घटले. नेमकी तीच वर्षं ओस्लोबच्या भरभराटीची होती.

दोन्ही गावांत मासा तोच, गरज तीच, कष्टही थोड्याफार फरकाने तेच. ओस्लोब एकच गोष्ट जास्तीची विकतं: खात्री.

माझ्या कामात खात्रीला अपटाइम म्हणतात. सर्व्हर ९९ टक्के वेळ चालू ठेवणं तसं सोपं असतं. ९९.९ म्हटलं की खर्च वाढतो, पुढे आणखी एक नऊ जोडला की आणखी वाढतो. ग्राहकाला फक्त नऊ दिसतात. त्या प्रत्येक नवामागे कुणीतरी रात्री फोन उशाशी घेऊन झोपलेलं असतं. बेभरवशाच्या गोष्टीची खात्री द्यायची तर भरवसा दुसऱ्या कुणाच्या तरी आयुष्यातून काढून आणावा लागतो. ओस्लोबमध्ये तो माशाच्या आयुष्यातून येतो.

आणि ही खात्री मागतं कोण? २०२५ पासून भारतीयांना फिलिपिन्समध्ये १४ दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय जाता येतं. त्यामुळे आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर सध्या सहलीची एक शीट फिरते आहे. तीत ओस्लोबपुढे एका मित्राने लिहिलंय, 'शंभर टक्के दिसतो.' दोन्सोलपुढे, 'नशीब असेल तर.' मी ओस्लोबला नको म्हटल्यावर त्याने विचारलं, "अरे, एवढे पैसे घालून, चार दिवसांची रजा काढून जायचं आणि मासाच दिसला नाही तर?" प्रश्न प्रामाणिक आहे. रजा मोजकी, ईएमआय चालू, आयुष्यात पुन्हा जाणं होईल की नाही माहीत नाही. पण पाण्यात पडणारी ती उयापची मूठ याच प्रश्नातून भरली जाते. हात कोळ्याचा असतो, भूक आपली असते.

थांबण्याचा फायदा काय असतो, हे ओस्लोबच्याच हद्दीत एकदा मोजून झालेलं आहे. तान-आवानसमोर जरा पुढे सुमिलोन नावाचं बेट आहे. १९७४ मध्ये सिलिमान विद्यापीठाच्या पुढाकाराने त्याच्या भोवतालच्या प्रवाळातला साधारण पाव भाग मासेमारीला बंद केला गेला. देशातलं हे पहिलं सागरी अभयारण्य. एंजल अल्काला या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या माशांच्या आणि कोळ्यांच्या पकडीच्या नोंदी ठेवल्या. १९८४ मध्ये संरक्षण मोडलं आणि बंद भागातही मासेमारी सुरू झाली. जागा वाढली म्हणजे मासळीही वाढायला हवी होती. पण थोड्याच काळात कोळ्यांची एकूण पकड जवळपास निम्म्यावर आली. बंद ठेवलेला पाव भाग उरलेल्या पाऊण भागाला पोसत होता. हात न लावणं हेही एक प्रकारचं काम असतं आणि त्याचं उत्पन्न मोजता येतं, हे या गावाच्या समुद्राने दाखवून दिलेलं आहे.

आणखी एक वाट आपल्या देशात आहे. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरही पूर्वी व्हेल शार्क मारले जात. २००१ मध्ये आपल्याकडे त्याला कायद्याचं संरक्षण मिळालं. २००४ पासून मोरारीबापूंना सोबत घेऊन गुजरातीत 'व्हाली' या नावाने त्याच्यासाठी मोहीम चालली. आता जाळ्यात अडकलेला मासा कोळी जाळं कापून सोडतात आणि जाळ्याची भरपाई वनखातं देतं. असे शेकडो मासे सुटले आहेत. इथे पैसे मासा दाखवण्याचे मिळत नाहीत, तो जाऊ देण्याचे मिळतात.

म्हणून माझं उत्तर असं आहे. तान-आवानच्या कोळ्याला दोष देऊन माझे हात स्वच्छ होत नाहीत. तिथे न जाणं हेही पुरेसं नाही, कारण मी न गेल्याने त्याचं घर चालत नाही. जे गाव माशाला मोकळं ठेवून जगू बघतं, त्याला मासा न दिसलेल्या दिवसाचेही पूर्ण पैसे देणं, कुरकुर न करता आणि एक स्टारचा रिव्ह्यू न टाकता, हे मला करता येण्यासारखं आहे. समुद्राचा बेभरवसा कुणीतरी सोसायचाच असेल तर तो ज्याच्याकडे पगार आहे आणि परतीचं तिकीट आहे, त्याने सोसावा. मासळी मिळेल की नाही याचा अंदाज घेत दोन्सोलचा कोळी तो आयुष्यभर सोसत आलाय. माझ्या वाट्याला चार दिवस येतात.

यावर एक आक्षेप उरतोच आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. उद्या सगळेच असं वागले तर तान-आवानच्या त्या कुटुंबांचं काय? उयाप हळूहळू कमी करत, तेच कोळी गाइड राहून, तेच तिकीट घेऊन दोन्सोलसारखं चालवता येईल का? कदाचित येईल. पण त्यासाठी आधी गिऱ्हाईक बदलावं लागेल. मासा दिसला नाही तरी सकाळ फुकट गेली असं न मानणारी माणसं तिथल्या रांगेत उभी राहावी लागतील.

शीटमध्ये मी दोन्सोलपुढे दोन दिवस टाकले आहेत. मित्राने अजून ओस्लोब खोडलेलं नाही. चर्चा चालू आहे.