धडधाकट माणसाची भीती

दुखण्याने हैराण झालेला माणूस ऑपरेशनला तयार होतो, कारण त्या टेबलावरून उतरल्यावर बरे वाटेल अशी आशा असते. किडनी देणाऱ्याला ही आशाच नसते. तो ठणठणीत असतो आणि टाके घेऊन घरी जायचे हे त्याला आधीच ठाऊक असते. दाता दगावण्याचा धोका दहा हजारांत सुमारे तिघांना, असे अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत दिसले. आकडा खरोखरच लहान आहे. पण आदल्या रात्री झोप न लागलेल्या माणसाला आपण त्या तिघांतलेच वाटत असतो.

हे बोलायचे कोणाजवळ? आपल्याकडे अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्याप्रमाणे दात्याची संमती तपासली जाते. दबाव आहे का, पैशाचा व्यवहार आहे का, हे विचारतात. विचारायलाच हवे. पण ‘भीती वाटतेय’ म्हणावे तर संमतीच डळमळीत ठरेल, म्हणून बाई ठामपणे सांगते, ‘माझ्या मनाने देतेय.’ बाई म्हटले ते उगाच नाही. आपल्याकडे जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत आई आणि बायकोच जास्त. ‘आईच ती, देणारच’ असे म्हणून नातेवाईक तिचा होकार तिच्याआधीच देऊन टाकतात. मला तर न घाबरता दिलेल्या होकाराचीच जास्त काळजी वाटते.

कच खाल्लेल्या दात्याला डॉक्टर कधीकधी ‘तुमची किडनी जुळत नाही’ एवढेच कारण देऊन सोडवतात. घरात तोंड दाखवायला जागा राहते. हे खोटे मला क्षम्य वाटते.

ऑपरेशननंतर सगळे घर एकाच खाटेभोवती जमते. लघवी किती झाली, रक्तातले क्रिएटिनिन किती उतरले? ज्याला किडनी मिळाली त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू तजेला येतो. देणारी दुसऱ्या वॉर्डात असते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटात भरलेल्या वायूमुळे तिचा खांदा ठणकत असतो. पोट कापले आणि दुखतो खांदा, हे तिला कोणी आधी सांगितलेले नसते, म्हणून ती आणखी घाबरते. ‘तुझ्यामुळे वाचला गं,’ असे येणारा-जाणारा म्हणतो. त्यावर ‘मला रडू येतंय’ कसे म्हणायचे?

दिलेली किडनी पुढे निकामी झाली, तर तिला अपराधी वाटते, जणू तिनेच वाईट माल दिला. दात्याने दरवर्षी रक्तदाब आणि क्रिएटिनिन तपासून घ्यायचे असते. पण मुलाच्या तपासणीची तारीख तोंडपाठ असलेल्या आईला स्वतःची विचारा. ती म्हणते, ‘मला काय धाड भरलीय?’