धूर कोणाच्या डोळ्यांत?

आमच्या चांदूरच्या नावात ‘रेल्वे’ हा शब्द आला तो चांदूर बाजारशी घोटाळा होऊ नये म्हणून; परंतु मुंबईहून वर्ध्याकडे जाणारी गाडी बडनेरा सोडल्यावर आमच्याच स्थानकावरून पुढे धामणगाव, पुलगाव करीत जात असल्यामुळे, १९३५ सालच्या डिसेंबरात मार्गारेट सँगर ही अमेरिकन परिचारिका संततिनियमनाच्या प्रश्नावर महात्माजींशी वाद घालण्यासाठी वर्ध्यास गेली ती याच रुळांवरून गेली असली पाहिजे, असा विचार सायंकाळी फलाटावरच्या बाकावर बसलो असता माझ्या मनात अनेकदा येतो.

बाई पोहोचल्या तो सोमवार, म्हणजे महात्माजींच्या मौनाचा दिवस. त्यामुळे वाद दुसऱ्या दिवसावर तहकूब झाला, आणि पुढे झाला तरी त्याचा फैसला काही लागला नाही. विवाहितांनीही अपत्याच्या इच्छेवाचून शरीरसंबंध ठेवू नये, कृत्रिम साधने मनुष्याला आपल्या कृतीच्या फळातून निसटण्याची चोरवाट दाखवितात व त्याचा संयम शिथिल करतात, ही महात्माजींची भूमिका. आणि जिचा पती संयमी नाही त्या स्त्रीने काय करावे, हा बाईंचा सवाल. तिने पतीला नकार द्यावा, त्याचा प्रतिकार करावा, असे उत्तर मिळाले. ऋतुचक्रातील गर्भधारणेस प्रतिकूल असे दिवस पाहून वागण्याच्या पद्धतीला मात्र त्यांनी किंचित सवलत दिली, कारण महिन्यातले काही दिवस का होईना, तीत संयमाला जागा आहे असे त्यांना वाटले. या भूमिकेतील तेज मी नाकारीत नाही. तथापि एका खोलीच्या घरात, सासूच्या खोकल्याच्या टप्प्यात निजणाऱ्या सुनेने मध्यरात्री सत्याग्रह करावा आणि सकाळी त्याच पुरुषाला भाकर वाढावी, ही अपेक्षा करताना, सत्याग्रहीच्या पाठीशी चार माणसे उभी असावी लागतात याचा त्या थोर सत्याग्रह्याला विसर पडला असावा.

इकडे मुंबईत रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२१ सालीच, म्हणजे लंडनात मेरी स्टोप्सबाईंचे केंद्र निघाले त्याच वर्षी, आपले संततिनियमन केंद्र उघडले होते. गणिताच्या या प्राध्यापकाला त्या कार्यापायी विल्सन कॉलेजातील जागा सोडावी लागली. जुलै १९२७ पासून त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक आरंभिले ते १९५३ साली मृत्यू येईपर्यंत चालविले. अश्लीलतेच्या खटल्यांत दंड भरला. त्यांपैकी १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतले होते, आणि पुढे १९३८ साली आंबेडकरांनीच सिद्ध केलेला संततिनियमनाचा ठराव मुंबईच्या विधिमंडळात येऊन फेटाळला गेला. कर्व्यांना ब्रह्मचर्याचा उपदेश मुळीच मान्य नव्हता. सुख हा स्त्रीचाही हक्क आहे, असे ते रोखठोक लिहीत.

या दोन थोर पुरुषांतील अंतर अफाट आहे. एकाने साधन पवित्र आहे की नाही हे विचारले, दुसऱ्याने ते विवेकाला पटते की नाही हे. माझ्या अल्प बुद्धीला या दोन प्रश्नांच्या मध्ये तिसरा एक प्रश्न पडलेला दिसतो, आणि तो सुचला मला गीतेवरून.

अठराव्या अध्यायात भगवंत असे सांगतात की, अग्नीला जसा धूर तसा प्रत्येक आरंभाला काही ना काही दोष चिकटलेलाच असतो, म्हणून सदोष वाटले तरी आपले सहज कर्म टाकू नये. या श्लोकावर विद्वानांनी पुष्कळ ऊहापोह केला आहे, पण तो बहुधा पुरुषांनी केल्यामुळे, चुलीचा धूर नेमका कोणाच्या डोळ्यांत जातो याची चौकशी त्यात आढळत नाही. ज्याच्यासाठी भाकर भाजली जाते तो ओसरीवर असतो. धूर असतो फुंकणीपाशी. गर्भनिरोधाच्या साधनांत निर्दोष असे एकही नाही, हे वैद्यकानेही मान्य केलेले आहे. अल्पदोषाची निवड करावी, एवढेच मनुष्याच्या हाती उरते, आणि अहिंसेचा विचार करणाऱ्यांनी तरी हे तारतम्य फार पूर्वीच ओळखले होते. परंतु ‘अल्प’ हे माप कोणाच्या देहावर लावायचे?

गेल्या आषाढातील गोष्ट. शेजारची सून माझ्या पत्नीजवळ येऊन बसली होती, आणि वर्तमानपत्र उघडून बसलेल्या म्हाताऱ्याला काही ऐकू येत नाही असा घरोघरी समज असल्याने तिची सारी कैफियत मला आयतीच ऐकावयास मिळाली. दोन लेकरे, धाकटे तीन वर्षांचे. पहिल्यांदा तांबी बसविली. तिने पाळीत अंगावरून फार जाऊ लागले, आणि रक्त आधीच कमी, तेव्हा ती काढून टाकली. मग गोळ्या, त्यांनी सकाळी मळमळ आणि दुपारी डोके. मग तीन महिन्यांचे अंतरा इंजेक्शन. त्याने पाळीच आली नाही, आणि पाळी आली नाही म्हणजे दिवस गेले की काय, या धास्तीने झोप गेली. एवढे सांगून ती म्हणाली, “आता आपरेशनच करून टाकतो, काकू.” (आमच्या वऱ्हाडी बोलीत बाईही ‘करतो’च म्हणते, व्याकरणाने दिलेली ही समता व्यवहारात उतरलेली नाही.)

“त्याचं का नाही करत?” पत्नीने विचारले.

“त्याईले डवरा हाकाव लागते. कमजोरी येते म्हनतात. मी काय, घरीच राहतो.”

हे बोलणाऱ्या स्त्रीने त्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत सोयाबीनचे निंदण केले होते. तिची बोटे गवताच्या रसाने हिरवी-काळी झालेली होती, आणि डोक्यावरून आणलेला ओल्या गवताचा भारा आमच्या भिंतीला टेकून ठेवलेला होता. तो मी नंतर सहज उचलून पाहू गेलो, तो उचलला नाही.

साधनांवर अन्याय होऊ नये म्हणून सांगतो: तांबी हे उत्तम साधन आहे, तिचा एक प्रकार दहा वर्षे काम देतो, वर्षाकाठी शंभरांत एकीचाही भरवसा मोडत नाही, आणि सुरुवातीचा वाढलेला स्राव काही महिन्यांत बहुतेकींचा कमी होतो. अंतराने पाळी लांबणे हा धोका नव्हे, तो त्या औषधाचा ठरलेला परिणाम आहे आणि तो आधी समजावून सांगितला तर झोप जात नाही. लखनौच्या सरकारी प्रयोगशाळेत शोधलेली छाया ही गोळी संप्रेरकाची नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा व नंतर एकदा घ्यावी लागते, तिनेही पाळी मागेपुढे होते. निरोधाचा देहाला जवळजवळ काहीच उपसर्ग नाही, पण नेहमीच्या वापरात वर्षाला शंभरांतील तेरा जोडप्यांना तो दगा देतो, कारण तो खिशात असून चालत नाही. कोणत्या देहाला काय मानवेल हे डॉक्टरांनी तपासून ठरवावे.

पण ज्यांना आणखी अपत्य नको हे निश्चित झाले आहे, त्यांच्यापुरता हिशेब सरळ आहे. स्त्रीच्या शस्त्रक्रियेत पोटात शिरावे लागते. पुरुषाच्या बिनटाक्याच्या नसबंदीत तेवढ्या जागेपुरती भूल, कातडीला एक बारीक छिद्र, आणि माणूस त्याच दिवशी घरी. बळ, आवाज, पौरुष यांत फरक पडत नाही, कारण ज्या द्रव्याने ते टिकते ते रक्तात मिसळते, बांधलेल्या नळीतून वाहत नाही. थोडी सूज, थोडे ठणकणे, क्वचित कोणाला अधिक काळ दुखणे. आणि पहिले तीन महिने दुसरे साधन वापरून मग तपासणी करून घेणे. धूर येथेही आहे, पण थोडा आहे. असे असता २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, देशातील शंभर विवाहित स्त्रियांमागे सुमारे अडतीस स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली आढळली, आणि पतीने नसबंदी केलेल्या स्त्रिया हजारात तीन.

हा आकडा मी इतरांना ऐकवितो तेव्हा माझे स्वतःचे दप्तर तपासणे भाग पडते. १९७६ साली मी महसूल खात्यात नवा रुजू झालेला कारकून होतो. नसबंदीच्या ‘केसेस’ आणण्याचा हुकूम कचेरीत फिरत होता, आणि सक्तीच्या नसबंदीचे विधेयक महाराष्ट्राच्या विधिमंडळाने संमतही केले होते. राष्ट्रपतींची मंजुरी न मिळाल्याने ते बारगळले. पण त्या वर्षाने तो शब्द असा बाटविला की, पुरुषाच्या मनातील भित्रेपणाला स्वाभिमानाचा मुखवटा मिळाला. मलाही तो सोयीचा झाला. पाचेक वर्षांनी आमच्या घरी हा प्रश्न उभा राहिला, तेव्हा गीता पाठ असलेला आणि कर्वे वाचलेला मी गप्प बसलो. “माझंच करू,” असे पत्नी म्हणाली, आणि तो तिचा त्याग आहे असे मानून मी मनोमन तिची थोरवी गायिली. त्यागाचे कौतुक करण्याची आपल्या धर्मपरंपरेला जी अपार हौस आहे, तिचा एक उपयोग हा की, कौतुक करणाऱ्याला मग काही करावे लागत नाही. मी डबा घेऊन दवाखान्यात गेलो. कागदावर पतीची सही हवी होती. ती मी केली, आणि सही चांगली आली असे तेव्हा वाटल्याचे मला आजही आठवते.

श्रावणात एका सायंकाळी त्या सुनेचा नवरा फलाटावरच्या माझ्या बाकाशी येऊन उभा राहिला. बराच वेळ तो रुळांकडे पाहत होता. मग म्हणाला, “काका, घरची म्हने, तुमाले माईत हाय. थे केल्यावर डवरा किती दिवसांनी धराव लागन?”

दोन दिवस विश्रांती, आठवडाभर जड काम नको, तीन महिने दुसरे साधन आणि मग तपासणी, बाकी डॉक्टर सांगतील, असे मी म्हणालो. त्याने बोटांवर काहीतरी मोजले.

“पोळ्यालोक डवरनं सरते,” तो म्हणाला. “मंग बैलंबी मोकये अन् मीबी.”

तो तारीख शोधीत होता की पुढे ढकलीत होता, ते मला त्याच्या चेहऱ्यावरून ओळखता आले नाही. तेवढ्यात नागपूरकडे जाणारी मालगाडी आली आणि तिचे डबे सरेपर्यंत आम्ही दोघेही बोललो नाही. शेवटचा डबा गेल्यावर तो बाकावर बसला आणि म्हणाला, “अन् थे तीन महिन्याचं काय म्हने, थे पुन्यांदा सांगा.”