उपशम आणि निदान

शंभर-सव्वाशे सीसीची लहान मोटारसायकल उतारावर किंवा चौकाजवळ आली, चालकाने वेग कमी करण्यासाठी उजव्या हाताची मूठ सोडली, आणि तत्क्षणी सायलेन्सरमधून दोन-चार बार निघाले, ही गोष्ट इतकी नित्याची आहे की तिला तत्त्वविचाराच्या दारात आणून उभे करणे पुष्कळांना हास्यास्पद वाटेल. गॅरेजात ह्याला 'गाडी फटाके मारते' म्हणतात. गाडीचा धनी तक्रार सांगतो, मिस्त्री कोठेतरी स्क्रू फिरवतो, आवाज बंद होतो, पैसे हातावर पडतात, आणि उभयता संतुष्ट होऊन आपापल्या मार्गाला लागतात. ह्या संतोषाविषयीच आम्हांस थोडे बोलावयाचे आहे. पीडा थांबली म्हणजे तिचे कारण सापडले असे होते काय? आणि कारण न शोधता केवळ पीडा थांबवून जो मोबदला घेतो, त्याला प्रामाणिक म्हणावे की नाही? हा प्रश्न वैद्याला, शिक्षकाला आणि राज्यकर्त्यालाही लागू पडेल. परंतु गाडीच्या बाबतीत त्याची उकल हाताने चाचपता येते, म्हणून आम्ही गाडीच पुढे घेतो.

प्रथम हा बार निघतो कसा ते पाहू. गाडी वेगात असते तेव्हा हवा आणि पेट्रोल ह्यांचे भरपूर मिश्रण इंजिनात जाते आणि ठिणगी पडताच धडपणे जळते. मूठ सोडली की मिश्रणाची वाट जवळजवळ बंद होते. परंतु चाके फिरत असतात आणि तीच आता इंजिनाला ओढून फिरवू लागतात. दट्ट्या खाली येतो तेव्हा आत मोठी पोकळी उत्पन्न होते, त्यात चिमूटभर नवे मिश्रण येते, आणि ते मागच्या फेरीतील जळक्या वायूत मिसळून इतके दुबळे होते की ठिणगी पडूनही पुष्कळदा पेटत नाही. न जळलेले हे इंधन तसेच पुढे तापलेल्या सायलेन्सरमध्ये जाऊन साठते. तेथे त्याला थोडी ताजी हवा मिळाली आणि पुढच्या एखाद्या फेरीची ज्वाळा येऊन भिडली, की जे आत जळावयाचे ते बाहेर जळते. तोच आपला फटाका.

आता ही हवा आणि हे दुबळेपण कोठून येते, ह्याची उत्तरे एक नव्हेत. सिलिंडरच्या माथ्याला सायलेन्सरची नळी जेथे जोडलेली असते तेथील गॅस्केट फुटलेले असेल. बाहेर पडणाऱ्या वायूच्या प्रत्येक धक्क्यामागून क्षणभर पोकळी होते आणि ती फटीतून बाहेरची हवा ओढून घेते. अशा ठिकाणी बहुधा काजळीचा काळा ओघळ दिसतो. कार्ब्युरेटरमधील पायलट जेट, म्हणजे मूठ सोडलेली असताना पेट्रोल पुरवणारे केसासारखे बारीक छिद्र, कचऱ्याने बुजलेले असेल. कार्ब्युरेटर आणि इंजिन ह्यांना सांधणाऱ्या रबराला भेग गेली असेल. स्पार्क प्लग थकला असेल. झडपांचे अंतर, ज्याला मिस्त्री टॅपेट म्हणतात, ते बिघडलेले असेल. एकाच फटाक्यामागे इतके जण आरोपी म्हणून उभे राहू शकतात, आणि फटाका कोणाचेच नाव घेत नाही.

आपल्या जुन्या वैद्यकाने निदानाची पाच अंगे सांगितली आहेत. त्यांतील उपशय हे अंग आम्हांस येथे विशेष मार्मिक वाटते. रोग गूढ असेल तेव्हा औषध, आहार किंवा विहार योजून पाहावा, आणि सुख कशाने होते त्यावरून रोगाचा तर्क करावा, असा त्याचा आशय. मिस्त्री करतो ते हेच. तो मिश्रणाचा स्क्रू अर्धा आटा फिरवून पेट्रोलचे प्रमाण वाढवतो. दुबळे मिश्रण थोडे सबळ होते, ठिणगी वाया जात नाही आणि आवाज थांबतो. तेव्हा तो म्हणतो, "कार्ब्युरेटरचा दोष होता, काढला." परंतु हा तर्क सदोष आहे. गॅस्केट फुटलेले असतानाही मिश्रण वाढवल्याने आवाज थांबू शकतो, कारण फटीतून हवा येत राहिली तरी तिच्या भेटीला न जळलेले इंधनच येत नाही. दोष एका ठिकाणी, उपाय दुसऱ्या ठिकाणी, आणि सुख मात्र खरे, अशी ही विचित्र स्थिती आहे. सुखावरून कारण ठरवता येते, पण सुख देणारी प्रत्येक गोष्ट कारणालाच जाऊन भिडलेली असते असे नाही. वैद्यकानेही उपशयाला पाचांतील एकच अंग मानले. गॅरेजात मात्र पुष्कळदा त्या एका अंगावरच सारे निदान उभे असते.

ह्याला तोड नैयायिकांनी सांगून ठेवलेली आहे. कारण असता कार्य असते हा अन्वय, आणि कारण नसता कार्य नसते हा व्यतिरेक. दोन्ही जुळल्याखेरीज कार्यकारणाचा संबंध पक्का धरू नये. गाडीच्या भाषेत सांगावयाचे तर एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आवाज गेला की ती पुन्हा पूर्ववत् करून पाहावी, आणि आवाज परत आला तरच बोट ठेवावे. प्लग, गॅस्केट आणि स्क्रू एकाच बैठकीत बदलून आवाज घालवणारा मिस्त्री गाडी बरी करील, परंतु त्याला कळलेले काहीच नसेल. आणि येथेच नीतीचा प्रश्न डोके वर काढतो. गेलेला फटाका परत यावा असे कोणाला वाटणार? धन्याला नाही, कारण त्याला शांत गाडी हवी. मिस्त्रीला नाही, कारण रांगेत आणखी चार गाड्या उभ्या आहेत, आणि नीट झालेली गाडी पुन्हा बिघडवण्याचे पैसे जगात कोणी देत नाही. दोघांचेही हित उपशमात आहे. निदानाच्या बाजूने उभा राहणारा तेथे कोणीच नाही. लबाडीवाचूनही असत्य कसे रुजते ह्याचे इतके स्वच्छ उदाहरण आम्हांस दुसरे आठवत नाही.

ह्यावर व्यवहारी मनुष्य म्हणेल, आवाज गेला, काम झाले. कारण जाणून आम्हांस काय परीक्षा द्यावयाची आहे? ह्या म्हणण्याचा आम्ही अनादर करीत नाही. मूठ सोडल्यावर क्वचित् होणारी किंचित् फटफट बहुधा निरुपद्रवी असते, आणि तेवढ्यासाठी इंजिन खोलून बसणे हा ज्ञानाचा छंद म्हणता येईल, धर्म नव्हे. पण 'बहुधा' ह्या शब्दाच्या आड काय दडले आहे ते पाहिले पाहिजे.

टॅपेटचे उदाहरण घ्या. झडपा ठोकणाऱ्या दांड्यात आणि झडपेत मिलिमीटरच्या शतांशांनी मोजण्याइतके अंतर ठेवलेले असते. ते वाढले तर टकटक ऐकू येते आणि धनी धावत गॅरेज गाठतो. ते कमी झाले तर मात्र इंजिन उलट अधिक मुकाट चालते. परंतु तापून लांबलेली झडप आता पुरती मिटत नाही; मिटल्यावर जी उष्णता ती बैठकीला देऊन टाकत असे ती तिच्यातच राहते, आणि कालांतराने झडपेची कड जळू लागते. धूर तेथे अग्नी हे अनुमान शिकवताना नैयायिक तप्त लोखंडाच्या गोळ्याची आठवण देतात. तेथे अग्नी आहे, पण धूर नाही. मुकाट टॅपेट हा आमचा लोहगोल होय. अशा गाडीत मूठ सोडल्यावर निघणारा फटाका हीच काय ती दोषाची एकमेव वाचा असू शकते. स्क्रू अर्धा आटा फिरवून ती वाचा बंद केली, म्हणजे दोषाला उपकारच केला. तीच गोष्ट मिश्रणाच्या दुबळेपणाची. ते केवळ मूठ सोडलेली असताना दुबळे असेल तर फटाक्यावर भागते. पण चढावर, ओझे असतानाही दुबळे असेल तर इंजिन वाजवीपेक्षा तापते आणि दट्ट्यालाच अपाय होतो. प्लग काढून पाहिला तर त्याची चिनी मातीची टोपी पांढरीफटक दिसते. निरोगी गाडीत ती बदामी असते. हे पाहावयास पाच मिनिटे पुरतात, पण ती पाच मिनिटे आवाज गेल्यानंतर कोणी काढत नाही.

आणखी एक उपाय गॅरेजांत प्रचलित आहे, आणि त्याविषयी आमचे मत कठोर आहे. ह्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांतील अनेक गाड्यांना सायलेन्सरच्या मुखाशी ताजी हवा सोडणारी एक बारीक नळी असते. अर्धवट जळलेले विषारी वायू तेथेच पुरते जळावेत आणि रस्त्यावर कमी जावेत, ही तिची योजना. मूठ सोडली की ही हवा थांबवणारा एक पडदा आत असतो. तो पडदा फाटला की हवा नको त्या वेळी आत जाते आणि फटाके सुरू होतात. पडदा बदलण्याऐवजी नळीत बूच मारून टाकले तरी आवाज थांबतो, गाडी पूर्ववत् धावते, खर्चही जवळजवळ शून्य. येथे कारण बरोबर सापडलेले आहे, धनी सुखी आहे, मिस्त्रीने कोणाला फसवलेले नाही. तरीही काहीतरी अनुचित घडले आहे. ती नळी धन्यासाठी नव्हतीच. ती मागून सायकलवर येणाऱ्यासाठी, फुटपाथवर भाजी मांडून बसलेल्या बाईसाठी, सिग्नलला नाक दाबून उभ्या असलेल्या मुलासाठी होती. एक व्याधी शमवून दुसरी उत्पन्न करणारी चिकित्सा शुद्ध नव्हे, असे आपले वैद्य म्हणत आले. येथे तर दुसरी व्याधी दुसऱ्याच मनुष्याला होते, आणि म्हणून ती बिलात दिसत नाही.

कधी कधी मूळ कारण गाडीत नसतेच. भारतात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण २०२२ साली दहा टक्क्यांवर आणि २०२५ साली वीस टक्क्यांवर गेले. शुद्ध पेट्रोलचा एक भाग जळण्यास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९ पुरते. जुन्या कार्ब्युरेटरला हा फरक कळण्याची सोय नाही. तो पूर्वीच्याच मापाने पेट्रोल देत राहतो, आणि मिश्रण पूर्वीपेक्षा दुबळे पडते. आधीच काठावर असलेली गाडी मग फटाके मारू लागली तर नवल नाही. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-सहा नियमांनंतर बहुतेक गाड्यांत इंधन इंजेक्शनने येते आणि संगणक ते मोजतो, त्यामुळे त्यांची गोष्ट निराळी. परंतु वीस वर्षांची जुनी गाडी बाळगणारा मनुष्य "मी तर काहीच केले नाही" म्हणतो तेव्हा तो सर्वस्वी खोटे बोलत नसतो. ह्या ठिकाणी स्क्रू फिरवणे हाच रास्त उपाय ठरू शकतो. म्हणजे जी कृती एका गाडीत लपवाछपवी होते तीच दुसरीत चिकित्सा होते. भेद हाताच्या हालचालीत नाही, आधी काय पाहिले ह्यात आहे.

मग मिस्त्रीकडून आपण नेमके काय मागावे? संपूर्ण ज्ञान मागणे अन्याय होईल. आमच्या परिचयाचे एक गॅरेजवाले गृहस्थ गाडी परत देताना सांगतात, "आवाज कशाचा ते नक्की सापडलं नाही साहेब, पण टॅपेट पाहिले, प्लगचा रंग बरा आहे, सांधा कुठे फुंकत नाही. बिनधास्त चालवा, वाढला तर या." ह्या बोलण्यात कारणाचा पत्ता नाही, तथापि आम्हांस ते 'दोष काढला' ह्या छातीठोक वाक्याहून शतपट सत्य वाटते. आपल्याला काय कळले नाही आणि तरी कोणते भय टळले, ह्या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या करून दिल्या. गिऱ्हाईक त्यावर विसंबून राहू शकतो, आणि उद्या आवाज परत आला तर शोध कोठून सुरू करावयाचा हेही दोघांना ठाऊक असते. असे बोलल्याने गिऱ्हाईक तुटते असे त्या धंद्यातले पुष्कळजण म्हणतात. काही तुटतही असतील.

अडचण पैशाची नाही तितकी वेळेची आहे. टॅपेटचे माप इंजिन पुरते थंड असतानाच घ्यावे लागते. तापलेल्या गाडीवर घेतलेले माप फसवे. त्यामुळे मिस्त्री गाडी रात्रभर ठेवून घेतो. ज्याला कचेरीत बसने जाता येते त्याला ह्यात काही वाटत नाही. पण गाडीच्या दोन्ही अंगांना किटल्या लटकवून पहाटे चारला दूध घालावयास निघणाऱ्याने काय करावे? गाडी एक दिवस गेली तर चाळीस घरी दूध जात नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्यांतली काही घरे दुसऱ्या दूधवाल्याची झालेली असतात. त्याला उपशमच परवडतो, निदान परवडत नाही. आणि जळलेल्या झडपेचा खर्च सर्वांत कमी झेपणारा मनुष्यही तोच. वर उल्लेखिलेल्या गृहस्थांनी त्यावर एक साधी तोड काढली आहे. अशा गिऱ्हाइकाला ते सांगतात की गाडी रात्री घरी न्या, आणि पहाटे निघण्यापूर्वी इंजिन सुरू न करता ढकलत घेऊन या. मी साडेतीनला दार उघडतो. वीस मिनिटांत माप होते. गिऱ्हाईक लांब राहणारे असेल तर फीलर गेज खिशात टाकून ते स्वतः त्याच्या घरी जातात.